मास्तरांचा उजवा पाय

पैज लागली इस्त्रीवाल्याच्या टेबलासमोर, आणि ती लागली तेव्हा पोस्टमनकाकांच्या तोंडात एकही दात नव्हता.

झालं असं, की सकाळी सकाळी काकांना फोन आला. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. तोच नाकातला आवाज, तेच "हं, हं, ऐकताय ना?" म्हणे, नवी कवळी तयार आहे, लगेच या, जुनी घरीच ठेवा, आणि वाटेत तोंड उघडू नका, हवा लागते. काका रिटायर झालेले पोस्टमन. जन्मभर दुसऱ्यांचे निरोप मुकाट पोचवले. स्वतःला आलेला निरोप खोटा असेल हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. गेले बिचारे तोंड मिटून. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आता हे काय नवीन?"

काका तिथून तडक इस्त्रीवाल्याकडे आले, कारण मास्तर या वेळी तिथेच असतात. होतेच. टेबलाला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत.

"हं, हं, ऐकताय ना?" मास्तर नाकातून म्हणाले.

इस्त्रीवाल्याला इतकं हसू आलं की कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर इस्त्री तशीच राहिली.

मास्तर म्हणजे मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तर. स्कूल त्यांचंच, शिकवणारे तेच, आणि गाडी एकच. पन्नाशी उलटून गेली तरी अंगातली खोड गेली नाही. गल्लीत असा माणूस शोधून सापडायचा नाही ज्याला त्यांनी एकदा तरी उल्लू बनवलं नाही. आवाज कुणाचाही काढतील. चाल कुणाचीही चालतील. बायकोच्या आवाजात त्यांनी एकदा स्वतःच्या सासूला फोन केला होता आणि सासूने त्यांच्याबद्दलचं खरं मत मोकळेपणाने सांगून टाकलं होतं. ते मत मास्तर अजून लोकांना हसत हसत ऐकवतात.

"अरे, दुसऱ्यांची सोंगं काढशील तू," काका बिनदातांनी जमेल तितक्या जोरात म्हणाले. "पण लोकांना हसवल्याशिवाय पाच मिनिटं गप उभं राहून दाखव. नाही जमायचं तुला."

"मला? अरे, मनात आणलं तर रडवीन!"

"मग तिथे जा आणि रडव." काकांनी भिंतीकडे बोट केलं. टायरच्या दुकानावरच्या खोलीत अभिनयाचा वर्ग सुरू होणार, असा कागद तिथे चिकटवलेला होता. शेवटी शाळेच्या हॉलमध्ये छोटे छोटे प्रवेश करून दाखवायचे, बघायला सगळ्यांना मुभा. "जायचं, पूर्ण शिकायचं. आणि शेवटी स्टेजवर गेलास की तुझ्यामुळे हॉलमध्ये एक माणूस जरी हसला, तरी तू हरलास."

"लागली!"

हरेल त्याने काय करायचं हे इस्त्रीवाल्याने ठरवलं. पंच म्हणून त्याने स्वतःच स्वतःला नेमलं होतं. गाडीवरच्या 'एल'च्या दोन पाट्या घ्यायच्या, एक छातीवर, एक पाठीवर. भर सकाळी या टेबलापासून टायरच्या दुकानापर्यंत चालत जायचं. वळण आलं की शिकाऊ ड्रायव्हरसारखा हात बाहेर काढायचा, आणि वाटेत जेवढी दुकानं लागतील तेवढ्यांपुढे तोंडाने हॉर्न वाजवायचा. एकही हॉर्न चुकला, तर पुन्हा टेबलापासून सुरुवात.

हे सगळं चाललं असताना मास्तरांची लेक तिथे येऊन उभी राहिली होती. इस्त्रीचे कपडे न्यायला आलेली. शिकून झाल्यापासून स्कूलच्या ऑफिसात तीच बसायची, कोणाचा तास कधी ते बघायची, आणि पुढेमागे स्कूलही तिचंच होणार होतं. मास्तरांनी तशी नवी पाटीसुद्धा रंगवून घेतली होती: 'मास्तर आणि कन्या'. फक्त लावायची बाकी होती.

हसणं जरा ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, त्या पाटीबद्दल जरा बोलायचं होतं."

"काय, रंग आवडला नाही? गुलाबी करू? का तुझं नाव वर टाकू आणि माझं खाली, 'तसेच तिचा बाप'?"

सगळे पुन्हा खदखदले. लेकसुद्धा हसली थोडीशी. कपडे उचलले आणि गेली.

ही तिची पहिली वेळ नव्हती. आधी एकदा गाडी पुसताना ती अशीच म्हणाली होती, तेव्हा मास्तरांनी ओल्या फडक्याने तिच्यावर पाणी उडवलं होतं. एकदा जेवताना म्हणाली होती, तेव्हा त्यांनी परीक्षा घेणाऱ्या साहेबाची नक्कल करून दाखवली होती. पाठमोऱ्या लेकीकडे बघताना त्यांच्या मनात आलंच, ही सांगणार तरी काय होती? पण तेवढ्यात इस्त्रीवाल्याला जळका वास आला आणि सगळे त्या शर्टाकडे वळले.

वर्ग घेणाऱ्या बाई बारीक अंगाच्या, केस कापलेल्या, आणि हळू बोलणाऱ्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं: या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाला.

मास्तरांना वाटलं, हे तर आपलं घरचंच काम. ते आधी पोलिसासारखे चालले. मग नवीन बूट चावणाऱ्या माणसासारखे. मग इस्त्रीवाल्यासारखे, एक खांदा खाली पाडून. वर्गातली माणसं भिंतीला टेकून हसली.

"छान," बाई म्हणाल्या. "आता तुमची."

"माझी काय?"

"तुमची चाल. तुम्ही कसे चालता ते."

मास्तर भिंतीपाशी गेले, वळले, आणि तिथेच अडकले. एक पाय पुढे टाकला तर तो पोस्टमनकाकांचा निघाला. मागे घेतला. हात सोडून बघितले, तर ते मेव्हण्याचे. इतक्या वर्षांत अख्ख्या गल्लीची चाल तोंडपाठ केली, आणि स्वतःची कशी आहे याचा पत्ताच नाही! त्यांना वाईट वाटलं नाही, खरं सांगायचं तर मजाच वाटली. स्वतःच्या घरात एखादी खोली आहे आणि आपण ती कधी उघडलीच नाही, असं काहीतरी.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "अगं, मी चालतो कसा?"

"भांडी घासायची वेळ झाली की? फार भराभर."

"अगं, खरंच सांग ना."

बायकोने त्यांच्याकडे संशयाने बघितलं. "अहो, काय लावलंय? माझ्या पाठीला काही चिकटवलंय का?" आणि हात मागे नेऊन पाठ चाचपली.

पुढच्या तासांना जोड्या लावल्या. मास्तरांच्या वाट्याला आली एक नर्स. सरकारी दवाखान्यात ड्युटी करून येणारी, दमलेली, पण डोळे जागे. खेळ सोपा होता. समोरासमोर खुर्च्या. एकाने आजच्या दिवसातलं काहीतरी सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं. बास. मध्ये बोलायचं नाही.

नर्स सांगू लागली. वॉर्डातल्या एका म्हातारीला घरी सोडलं, पण ती जाईना, पांघरुणाच्या घड्या घालत बसली. एकाची झाली की दुसऱ्याची, मग तिसऱ्याची...

"तिला म्हणावं, इस्त्रीवाल्याकडे जागा आहे," मास्तर म्हणाले.

नर्स हसली, आणि थांबली. पुढचं राहिलंच.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. या वेळी त्या मास्तरांच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, खाली बघत होत्या. "मास्तर, तुम्ही पाय कशाला दाबताय?"

"कुठला पाय?"

"उजवा. त्या बोलायला लागल्या की तुमचा पाय जमिनीत जातो."

मास्तरांनी खाली बघितलं. बूट अगदी निरागसपणे बसलेला. "छे हो!"

बाईंनी कोपऱ्यातली रिकामी प्लास्टिकची बाटली आणली आणि त्यांच्या बुटाखाली आडवी ठेवली. नर्सने पुन्हा सुरुवात केली. "ती म्हातारी घड्या घालत होती आणि मी तिच्याशेजारी बसले, आणि मला एकदम..."

कड्.

सगळे बाटलीकडे बघायला लागले. सगळ्यांत आश्चर्याने कोण बघत होतं, तर मास्तर.

आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा भांबावला, गाडी भिंतीच्या अंगावर जायला लागली, की मास्तरांनी आपल्या बाजूने ब्रेक दाबायचा. हा पाय डोक्याला विचारत बसत नाही. शिकणाऱ्याने श्वास आत ओढला, की पाय खाली गेलेलाच असतो. म्हणून तर त्यांच्या गाडीला आजवर साधा ओरखडा नाही. पण गाडी खाली रस्त्यावर, आणि हे महाशय वरच्या खोलीत खुर्चीवर. इथे ब्रेक कोणाला लावताय?

"बाटली घरी नेऊ का?" मास्तरांनी विचारलं.

"न्या की."

आणि मग मास्तरांनी जो उद्योग सुरू केला, तसा त्यांनी आयुष्यात कोणाची खोडी काढतानाही केला नव्हता. बाटली घेऊन ते गल्लीभर हिंडले. न्हाव्याच्या खुर्चीत बसले, बाटली पायाखाली. न्हावी क्रिकेटवर बोलला, बाटली गप. राजकारणावर बोलला, गप. मग आरशात बघत म्हणाला, "मास्तर, या दुकानात आता मन लागत नाही," आणि कड्! मास्तरांनी स्वतःच दचकून खाली बघितलं, आणि न्हाव्याने घाईघाईने पुन्हा क्रिकेट काढलं.

इस्त्रीवाल्याकडे गेले. काका आपल्या साखरेच्या तपासणीबद्दल सांगत होते. आकडे सांगितले तोवर ठीक. मग काका थोडे थांबले, आवाज खाली आणला. कड्.

"काय आहे रे ते?" काका म्हणाले.

"काही नाही. पैजेची तयारी."

"बाटलीवर पाय देऊन?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

कळत तर त्यांनाही नव्हतं, पण नाद लागला होता. आठवड्याभरात एक गोष्ट ध्यानात आली. माणूस काय बोलतो याच्याशी बाटलीचं घेणंदेणंच नाही. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो ना, खोल, थोडा अडखळलेला, तो श्वास आला की पाय जातो. शिकणाऱ्याचा श्वास. आता हा स्टिअरिंग भलतीकडे वळवणार, त्याच्या आधीचा. आणि पायाच्या पाठोपाठ, अगदी चिकटून, तोंडातून विनोद. मास्तरांचा इतकी वर्षं असा समज, की आपण लोकांना हसवतो म्हणून लोक हसतात. आता दिसत होतं, आपण त्यांना थांबवतो, आणि थांबताना ते बिचारे हसतात.

जेवणाच्या टेबलाखाली बाटली ठेवली तेव्हा तर कहरच झाला. बायको माहेरच्या लग्नाबद्दल बोलत होती, तिथे एकदाच वाजली. लेक भाजी वाढता वाढता म्हणाली, "बाबा," आणि नुसता श्वास घेतला. बाटलीचा पार चुराडा.

"उंदीर आहे का टेबलाखाली?" बायको म्हणाली.

बाईंना त्यांनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "गाडीत ब्रेक नाही दाबला तर धडक होते. इथे नाही दाबला तर काय होईल?"

 हे ऐकल्यावर मास्तरांना राहवेना. ते त्याच दिवशी घरी गेले, नवी बाटली घेतली, लेकीच्या खोलीत जाऊन तिच्यासमोर खुर्ची मांडली, पाय बाटलीवर ठेवला आणि म्हणाले, "बोल. ते पाटीचं. मी मध्ये बोलणार नाही."

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं, आई लपलीय का. मग वाकून खुर्चीखाली. "ही बाटली कशाला?"

"ती... माझ्यासाठी आहे."

"पाणी उडणार ना यातून?"

"नाही गं. खरंच."

"तुम्ही 'खरंच' म्हणालात की नक्कीच काहीतरी असतं, बाबा." तिने शांतपणे बाटली उचलली, खिडकीत ठेवली, आणि पर्स घेऊन बाहेर गेली.

मास्तर त्या खुर्चीतच होते. पाय मोकळा होता, आता ब्रेक लावायला समोर कुणी नव्हतं. पैज गेली चुलीत, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. आपली पोर आपल्याला काही सांगणारच नाही की काय, एवढंच आता डोक्यात होतं. 'मास्तर आणि कन्या' पाटी कपाटामागे कागदात गुंडाळून उभी होती. त्यांना दिसत नव्हती, पण आहे हे माहीत होतं.

प्रवेश बाईंनीच लिहिला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक बाक. बहीण भावाला सांगते, मी हे गाव सोडून चाललेय, आणि का चाललेय. बहीण म्हणजे नर्स. भाऊ म्हणजे मास्तर.

"माझी वाक्यं?" त्यांनी विचारलं.

"नाहीत."

"एकही? अहो, निदान 'हं'?"

"'हं' पण नाही."

तालमीत मास्तरांचे हाल कुत्रा खाईना. तोंड बंद ठेवलं की पाय जायचा. पाय आवरला की भुवई उडायची. भुवई धरली की कान हलायचा, आणि आपला कान हलतो हेही त्यांना त्याच दिवशी कळलं. नर्स म्हणायची, "मास्तर, तुमचं शरीर म्हणजे नुसती गर्दी आहे हो." पण एखाद्या तालमीत, कसं कोण जाणे, मध्येच ते सगळं थांबायचं, आणि बहिणीचं बोलणं त्यांना ऐकू यायचं. एकदा तर ती शेवटी काय म्हणते हे त्यांना नव्यानेच समजलं. त्यांनी नंतर बाईंना विचारलं, "हे वाक्य आज घातलंत का?" बाई म्हणाल्या, "पहिल्यापासून आहे."

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला. अख्खी गल्ली आलेली. कलाप्रेम वगैरे काही नाही, पैज! पोस्टमनकाका दात लावून पुढे बसले होते. इस्त्रीवाला उभाच होता, पंच म्हणून. मास्तरांची बायको पहिल्या रांगेत, आणि तिने जवळजवळ ओढतच आणलेली लेक तिच्या शेजारी, स्टेजच्या अगदी पायथ्याशी.

पडदा सरकला. बाकावर दोघं. मास्तर दिसले तशी दोनतीन जणांनी तोंडावर हात ठेवला, सवयीने. पण मास्तर काही करेनात. नर्स बोलू लागली. हॉलमध्ये खुर्च्यांची करकर होती, तीही हळूहळू थांबली. काका पुढे झुकून वाट बघत होते, आता करेल, आता करेल, आणि वाट बघता बघता तेसुद्धा ऐकायला लागले.

मग नर्स अडली. प्रवेशात नव्हतं ते. वाक्यच आठवेना तिला. तिने श्वास घेतला, खोल, अडखळलेला, आणि मास्तरांकडे बघितलं.

तो श्वास मास्तरांना पाठ होता. तोंडात विनोद तयार होऊन आला होता, गरम, ताजा, सगळा हॉल कोसळला असता आणि नर्स सुटली असती. त्यांनी तो गिळला. पायाला त्यांनी जीव एकवटून सांगितलं, जाऊ नकोस. आणि ते तिच्याकडे बघत राहिले, घाई नाही, तू बोल. नर्सला वाक्य सापडलं. ती ते इतक्या हळू आणि इतकं खरं बोलली, की मागे कुणीतरी नाक ओढलं.

आणि नेमकं तेव्हा, त्या चिडीचूप हॉलमध्ये, पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. एकच माणूस. मास्तरांची लेक.

पडदा पडल्यावर गोंधळ काय सांगावा! "हरला, हरला!" काका नाचायला लागले. बायको म्हणाली, "ती खोकली." कुणी म्हणालं शिंक होती. इस्त्रीवाल्याने सगळ्यांना गप केलं आणि लेकीलाच विचारलं, "ताई, खरं सांगा. खोकला का हसू?"

"हसू," लेक म्हणाली. तिचे डोळे ओले होते आणि हसू अजून ओठांवर होतं. "त्यांचा पाय वर होता."

"म्हणजे?"

"उजवा पाय. जमिनीपासून हा एवढा वर. सगळा वेळ तसाच धरला होता अधांतरी. त्यांना कळलंसुद्धा नाही." ती बाबांकडे वळली. "मी लहानपणापासून तुमच्या शेजारच्या सीटवर बसतेय, बाबा. ब्रेकवरून पाय काढलेला मी आज पहिल्यांदा बघितला."

सुट्टीच्या सकाळी वसुली झाली. छातीवर 'एल', पाठीवर 'एल'. खिडक्याखिडक्यांतून डोकी. न्हाव्याने गिऱ्हाइकाला साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आणून उभं केलं. इस्त्रीवाल्याने शिट्टी फुंकली आणि मास्तर निघाले.

"पों पों!" किराणा दुकान. टाळ्या. "पों पों!" न्हावी. पहिलं वळण, हात बाहेर, अगदी पुस्तकात असतो तसा. पोरं मागे, काका सगळ्यांच्या मागे, डोळ्यांत तेल घालून हॉर्न मोजत.

औषधाच्या दुकानाच्या थोडं अलीकडे लेक गर्दीतून येऊन त्यांच्या बरोबरीने चालायला लागली.

"बाबा," ती म्हणाली, आणि श्वास घेतला.

मास्तर काही बोलले नाहीत.

"मला गाडी चालवायला आवडत नाही. कधीच नाही आवडली. हात घामेजतात माझे. मला ते स्कूल नकोय." ती भराभर बोलली, आणि मग थोडं हळू. "टेकडीपलीकडे एक रोपवाटिका आहे ना, तिथे मला बोलावलंय. कलमं करायला. मी गेले दोनतीनदा बघायला."

"कशी गेलीस?"

"बसनं."

मोटार स्कूलवाल्या मास्तरांची मुलगी बसनं! यावर करण्यासारखे विनोद गल्लीभर पसरून वर उरले असते. मास्तर चालत राहिले. छातीवरची पाटी जरा तिरकी झाली होती ती त्यांनी सरळ केली. "कलम म्हणजे नक्की काय करतात गं?"

"म्हणजे एका झाडाची फांदी असते..." लेकीने त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं, थट्टा तर नाही ना. नव्हती. मग ती हातांनी दाखवायला लागली, कशी चीर द्यायची, कशी फांदी बसवायची, कसं बांधायचं, आणि किती दिवस नुसती वाट बघायची. औषधाचं दुकान गेलं. चपलांचं गेलं. घड्याळवाला दारात येऊन हॉर्नची वाट बघत उभा होता, तोही मागे पडला.

"हॉर्न!" मागून काका ओरडले. "अरे ए! तीन दुकानं खाल्लीस! पंच!"

शिट्टी वाजली. "बाद!" इस्त्रीवाला म्हणाला. "मास्तर, पुन्हा पहिल्यापासून!"

"बरं, बरं," मास्तर म्हणाले, आणि भर रस्त्यात हात बाहेर काढून रीतसर वळले. लेकही वळली. "हं, मग ती बांधल्यावर जगली हे कळतं कसं?" ते विचारत होते, आणि दोघं बोलत बोलत टेबलाच्या दिशेने परत चालले होते, अख्खी गल्ली त्यांच्यापुढे उलट्या पावली सरकत, आणि आतासुद्धा त्यांच्या तोंडून एकही हॉर्न येत नव्हता.